पिशवीचं तिकीट

मोहनराव एसटीत कंडक्टर होते तोवर सत्यशीलाबाईंना त्यांच्या गाडीत कधी धड बसायला मिळालं नाही. बीडहून नेकनूरला घरी जायचं, तर मांजरसुंब्याला गाडी रिकामी होईपर्यंत त्या उभ्याच. कंडक्टरची बायको बसलेली आणि तिकीट काढलेला माणूस लोंबकळतोय, हे मोहनरावांना पटायचं नाही. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर तर त्यांचा खास राग. "रुमालाचं तिकीट काढलंय का?" असं विचारून ते रुमाल मालकाच्या हातात द्यायचे. हा नेमाचा माणूस निवृत्त झाला आणि बायकोला म्हणाला, चल, परदेश बघू, तिथं तुला खिडकीत बसवूनच फिरवतो.

पुण्याच्या मुलीनं, प्रियदर्शनीनं, कोलंबोची तिकिटं काढली आणि पाठीवरच्या दोन सॅकही आणून दिल्या. टूरवाल्यांबरोबर जायला मोहनराव तयार नव्हते. जन्मभर इतरांची डोकी मोजली, आता कुणी आपलं मोजावं हे त्यांना सोसणारं नव्हतं.

कोलंबोतल्या पहिल्याच सकाळी दोघं तिथल्या पेट्टा बाजारात शिरले. मागून हातगाडीवाले ओरडत येत होते, पुढून रिक्षा अंगावर येत होत्या. सुक्या मासळीचे ढीग संपले की लगेच साड्या, साड्यांना लागून घड्याळं. सत्यशीलाबाईंनी नाकाला पदर लावला, पण बघायचं काही सोडलं नाही. दिवाळीच्या तोंडावरचं बीडचं स्टँड पाहिलेली बाई गर्दीला थोडीच भिणार. इथली भाषा कळत नव्हती, त्याचं तर त्यांना बरंच वाटलं. कुणी शिव्या दिल्या तरी मनाला लावून घ्यायचं कारण नव्हतं.

तेवढ्यात एक लाल बस आली. दारात लटकून कंडक्टर थांब्यांची नावं ओरडत होता, ते पाहून मोहनराव हरखले. मधल्या खिडकीजवळ जागा रिकामी दिसली. बायकोला दिलेला शब्द आठवला आणि तीस वर्षांचा नेम मोडून त्यांनी हातातली कापडी पिशवी खिडकीतून आत टाकली. पिशवी बरोबर सीटवर पडली. पण पाठीवरचं ओझं सांभाळत दोघं गर्दीतून दारापर्यंत पोचायच्या आत बस निघून गेली.

पिशवीत दोघांचे पासपोर्ट होते.

सत्यशीलाबाई मटकन फुटपाथवर बसल्या. आता घरी जायचं कसं? पोलिसांकडे चला, असं त्या म्हणाल्या. मोहनराव मात्र तळहातावर बसचा नंबर लिहून घेत होते.

"गाडीला फेरी असती. गेलेली गाडी माघारी येतीच," ते म्हणाले.

"अन् पिशवी?"

"गाडीत कंडक्टर हाय न्हवं."

पुढचे दोन तास सत्यशीलाबाईंनी लग्नापासूनचं सगळं क्रमवार ऐकवलं. मोहनराव ऐकत होते आणि येणाऱ्या प्रत्येक बसचा नंबर वाचत होते. शेवटी ऐकवण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा बाईही नंबर वाचू लागल्या.

मग तोच नंबर आला. बस खच्चून भरलेली, माणसं एकमेकांच्या पायांवर उभी. आणि मधल्या खिडकीजवळच्या जागेवर पिशवी आरामात बसलेली. पासपोर्टांवरचे फोटो बघून ठेवलेल्या कंडक्टरनं दोघांना ओळखलं आणि माणसं बाजूला सारून वाट करून दिली. सत्यशीलाबाई खिडकीजवळ बसल्या, पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही पासपोर्ट चाचपले. त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

मोहनरावांनी तिकिटांसाठी दोन बोटं दाखवली. कंडक्टरनं मान हलवून तीन दाखवली आणि पिशवीकडे बोट केलं. मोहनरावांनी तीन तिकिटांचे पैसे दिले.

पुढच्या थांब्यावर बाईंच्या शेजारचा माणूस उतरला. दमलेले मोहनराव बसायला वाकले, तोच सत्यशीलाबाईंनी पिशवी त्या जागेवर ठेवली.

"तिचं तिकीट काढलंय," त्या म्हणाल्या. "तुमी मांजरसुंब्यापर्यंत उभेच ऱ्हावा."