पाळ वाकडी दिसली

कल्पना करा, तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, एका टोकाला तुम्ही पोटावर आडवे झाला आहात. हनुवटी मातीला टेकवा. डावा डोळा मिटा आणि उजव्याने पार दुसऱ्या टोकाच्या आंब्यापर्यंत पाळीची कड बघा. कड सरळ, तर पाळ शाबूत. मध्ये कुठे पोट सुटलेलं दिसलं, तर माती सरकली, नाहीतर कोणी पायथा कोरला.

सडक अर्जुनीच्या पलीकडच्या गावात देवचंद चाळीस वर्षं अशीच पाळ बघत आला होता. तलाव त्याच्या खापरपणज्याने बांधलेला. देवचंदच्या डोळ्यावर गावात कोणी शंका घेत नसे.

त्या सकाळी पाळ मधोमध वाकडी दिसली. नेमकी पायथ्याच्या चैतरामच्या बांधीपाशी, धानाच्या खाचरापाशी. चैतराम तिथेच चिखल करत होता.

"अबे चैत्या, पाळ कोरली ना तू?"

"मी काऊन कोरू बे? पाळ फुटली तं पयले माहीच बांधी वाहून जाईल. दोरी लावून पाहून घे!"

"माहा डोळाच दोरी होय."

"मंग तुही दोरी सडली, बुढ्या!"

आजूबाजूच्या बाया हसल्या. देवचंदने हातातलं फावडं उलटं केलं आणि दांडा हाणला. पहिला घाव खांद्यावर बसला. दुसरा डोक्यावर येत होता. चैतरामने हात आडवा धरला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला. चैतराम चिखलात कोसळला, तरी देवचंदने तिसरा त्याच्या पाठीत घातलाच. मग चैतरामचा मुलगा रोशन धावत आला. त्याने देवचंदच्या डाव्या डोळ्यावर एकामागून एक ठोसे मारले, लोकांनी ओढून काढेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवचंदचा डावा डोळा सुजून बंद होता. बायको कुंदाबाई चहा घेऊन आली. देवचंदला तिचा पदर दिसला, कान दिसले. चेहऱ्याच्या जागी काळा डाग होता. खिडकीचे गज वाकडे झाले होते.

"रोशननं आंधळा केला मले!"

मुलगा योगराजने कुऱ्हाड उचलली. "त्याचे दोनी डोळे काढतो."

कुंदाबाई उंबऱ्यात आडवी झाली. "पयले दवाखाना. मंग जाय, माह्या छातीवर पाय देऊन जाय."

डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद दाखवला, मध्ये एक काळा ठिपका. सुजलेली डावी पापणी बोटाने उचलली, तर चौकटी सरळ. उजव्याने पाहिलं, तर मधल्या रेषा वाकल्या आणि ठिपका गायब. यंत्राने डोळ्याचे फोटो काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मार डाव्याला लागलाय, तो बरा होईल. उजव्याचं दुखणं जुनं आहे. वयामुळे पडद्यामागे नाजूक रक्तवाहिन्या उगवतात आणि पाझरतात. पडदा फुगतो, रेषा वाकड्या दिसतात. दोन्ही डोळे उघडे असले की डावा सांभाळून घेतो, म्हणून तुम्हाला कळलं नाही."

पाझर म्हणजे काय, हे देवचंदला समजावून सांगायची गरज नव्हती. "मंग पाळ?" एवढंच तो बोलला. योगराजने मान खाली घातली.

"डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागेल. आधी दर महिन्याला, मग बघू. पाझर थांबवता येतो. गेलेली नजर सगळी परत येईलच असं नाही. बिडी बंद. रोज एकेक डोळा झाकून हा कागद बघा. रेषा आणखी वाकली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका."

सुई डोळ्याकडे आली तेव्हा डोळा बधिर केलेला होता. तरी देवचंदने खाटेची लोखंडी पट्टी बोटं पांढरी पडेपर्यंत आवळली. चैतरामचा हात कोणी बधिर केला नव्हता.

डावा डोळा उघडल्यावर तो पाळीवर आडवा झाला. उजवा मिटला. कड ताणलेल्या दोरीसारखी सरळ होती.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर चैतराम पाळीवर समोरून आला. हाताचं प्लास्टर निघालं होतं. हात कोपराखाली वाकडा दिसत होता. नीट बघावं म्हणून उजवा डोळा झाकायला देवचंदने हात वर उचलला, आणि चैतराम दचकून मागे सरला, मोडका हात डोक्यावर आडवा धरून.

देवचंदने हात खाली केला.

"चैतराम, तुहा हात खराच वाकडा राहिला, का मलेच तसा दिसून राहिला?"