पेटीच्या झाकणावरची चौकट

द्राक्षांची पेटी घरात आली की तिच्या पुठ्ठ्याच्या वासानं मला ती दुपार आठवते. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी पहिल्यांदाच विंडोज काढून लिनक्स टाकणार होते. हार्ड डिस्कचे पार्टिशन, म्हणजे जागेचे भाग, कसे करायचे, ते मी पेटीच्या झाकणावर पेन्सिलनं आखलं. एक लांब पट्टी, तिचे तीन भाग, प्रत्येकात जीबीचा आकडा. मोठ्या ऐटीत ते शेजारच्या, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवलं. काका मूळचे सायखेड्याचे. झाकणाकडे बघून म्हणाले, "नवीन काय टाकायचं ते लिवलं तू. जुनं काय ठेवायचं, ते कुठं हाय?" विहारात रेकॉर्ड केलेली, बाबांच्या आवाजातली बुद्धवंदना त्याच डिस्कवर होती, दुसरीकडे कुठंच नव्हती; माझ्या आखणीत ती पुसली गेली असती. काकांनी आधी ती पेनड्राइव्हवर घेतली, मग पट्टीत वेगळी चौकट आखून आत लिहिलं, 'बाबा'. पुढे मी लिनक्स तीनदा बिघडवलं, तीनदा नव्यानं टाकलं, पण त्या चौकटीला धक्का लागला नाही. आजही पौर्णिमेला त्या चौकटीतून बाबा वंदना म्हणतात आणि मधेच खोकतात. त्या खोकल्यापुरते माझे जोडलेले हात, तोही जपून ठेवणाऱ्या काकांसाठी असतात.