चौकाच्या चित्रातली बाई

कॅथरिन तुस्कानो वसईहून कॅनडात आल्या त्याला तीस वर्षं उलटून गेली, पण गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. नवरा ॲलरॉय होता तोवर म्हणायचा, "शिकून घे गं. या देशात गाडी नाही त्याला पाय नाहीत."

"मला आहेत पाय," त्या म्हणायच्या.

आणि पाय पुरत होते. टोरंटोच्या कडेला लार्कफील्ड प्लाझा म्हणून दुकानांचं एक कळकट आवार होतं. त्याच्या मागच्या विटकरी इमारतीत सहाव्या मजल्यावर त्यांचं भाड्याचं घर. खाली उतरलं की डॉक्टर, लाँड्री, बसचा थांबा, सिग्नल ओलांडला की चर्च. मधोमध श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाची ग्रोसरी. सुके बोंबील त्याच्याकडे बारा महिने मिळायचे. त्याने दुकानाच्या आत कॉफीच्या मशीनजवळ चार टेबलं मांडली होती आणि तिथून कोणाला कधी उठवलं नव्हतं. ॲलरॉय गेल्यावर कॅथरिनबाई रोज सकाळी तिथेच जाऊन बसायच्या. पंजाबी, तमिळ, गुजराती म्हातारी माणसं जमायची, मोडक्यातोडक्या हिंदीत गप्पा चालायच्या. मराठी बोलायला एकच माणूस होता. बापू निमकर. नागपूरचे, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, मुलाकडे राहणारे. बाई नाताळात फुगे, म्हणजे पिठाचे गोडसर तळलेले गोळे, करायच्या तेव्हा पहिला डबा बापूंना जायचा.

मुलगी निकोल ग्वेल्फला नगररचना शिकली होती आणि एका मोठ्या सल्लागार कंपनीत प्लॅनर होती. आईशी ती इंग्रजीत बोलायची. काही हवं असलं की मात्र तिला मराठी आठवायचं.

एका शनिवारी ती आली आणि म्हणाली, "मम्मा, तुझा प्लाझा नवीन होणार. प्रोजेक्ट माझा आहे."

टेबलावर तिने चित्रं पसरली. पार्किंगच्या जागी झाडं, बाकं, कारंजं, सायकलींचा रस्ता. गाड्या कमी, माणसं जास्त. "सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. तू जगतेस ना, एक्झॅक्टली तसं. आम्ही तुझ्यासारख्यांसाठीच डिझाइन करतोय."

त्या दिवशी तिने आईला ग्रोसरीच्या दारात ट्रॉली घेऊन उभं केलं आणि फोटो काढला. कॅथरिनबाईंना उगाच लाजल्यासारखं झालं. लेक आपल्याकडे बघून शहर बांधतेय, याहून आईला काय हवं?

पुढे निकोलने सांगितलं, लोकांची सभा आहे, तू बोल. आणि तुझ्या कॉफीवाल्यांना घेऊन ये. सीनियर्स आले नाहीत तर बिल्डरला वाटेल की कोणाला काही पडलेलं नाही.

बाई कामाला लागल्या. इमारतीत दारोदार गेल्या. लोक कुरकुरत होते. बापू तर सरळच म्हणाले, "कॅथरिनबाई, नकाशात सगळ्यांना जागा असते. प्रत्यक्षात काय होतं ते मी नागपुरात पाहिलंय. हे दुकान राहणार का, तेवढं विचारा."

त्यांनी निकोलला विचारलं. निकोल म्हणाली, "ग्रोसरी इज द इंटेन्ट, मम्मा."

इंटेन्ट म्हणजे नुसता विचार की पक्कं ठरलेलं, हे बाईंनी विचारलं नाही. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा लावला आणि बापूंना, बाकीच्यांनाही तसंच सांगितलं. वर म्हणाल्या, "माझी मुलगी मला खोटं सांगणार नाही."

शाळेच्या जिममध्ये सभा झाली. कॅथरिनबाई चर्चला जायचा निळा ड्रेस घालून माइकसमोर उभ्या राहिल्या. आपल्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं, की नवरा गेल्यावर या प्लाझानेच मला सांभाळलं, आता तो सुंदर होणार असेल तर माझा पाठिंबा आहे, आणि माझ्या मित्रांचाही. टाळ्या पडल्या. पाठिंबा असलेल्यांनी हात वर करा, असं सूत्रधार म्हणाला तेव्हा मागच्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी बाईंकडे बघितलं आणि एकेक करून हात वर केले. बापूंनीही केला.

त्यानंतर सगळं फार भरभर झालं. ग्रोसरीवाल्याला दुकान रिकामं करायला सांगितलं. नव्या इमारतीत गाळा मिळेल, पण भाडं नव्या दराने. त्याने जे समजायचं ते समजून घेतलं आणि तो भावाकडे ओटावाला निघून गेला. विटकरी इमारत म्हणे दुसऱ्या टप्प्यात होती, दहा वर्षांनी. जमीन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेली आणि दहाची दोन झाली. परत यायचा हक्क कागदावर होता, पण बांधकाम संपेपर्यंत कुठे राहायचं याचं उत्तर ज्याचं त्याने शोधायचं होतं. सत्तरी उलटलेली माणसं कसली परत येतात!

इमारत सोडायच्या शेवटच्या आठवड्यात लॉबीत पुठ्ठ्याची खोकी रचलेली होती. कॅथरिनबाई लिफ्टमधून उतरल्या की बोलणं थांबायचं. वर्षानुवर्षं बरोबर कॉफी घेतलेली पंजाबी बाई तोंडावर म्हणाली, "आपकी बेटी का काम है, आपको क्या डर?" बापू मुलाबरोबर एडमंटनला निघाले तेव्हा त्यांनी नमस्कार केला, पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही.

कॅथरिनबाई निकोलच्या बेसमेंटमध्ये आल्या. ग्वेल्फच्या टोकाला नवी वसाहत, एकसारखी घरं, दुकानाला जायचं तर गाडी, चर्चमध्ये मिस्साला जायचं तर गाडी. निकोल मोकळी असेल तेव्हा घेऊन जायची. बहुतेक वेळा ती मोकळी नसायची.

मग लार्कफील्डच्या योजनेला बक्षीस मिळालं. लोकांना सामावून घेतल्याबद्दल. ओटावाच्या एका हॉटेलात दुपारच्या जेवणाचा समारंभ होता, निकोल आईला आग्रहाने घेऊन गेली. पडद्यावर नव्या चौकाचं चित्र दिसलं. रंगीत खुर्च्या, व्यायामशाळा, कुत्र्यांचं पार्लर. आणि चौकाच्या मध्ये ट्रॉली घेऊन हसत उभ्या असलेल्या कॅथरिनबाई. फोटोतून कापून त्या चित्रात चिकटवल्या होत्या.

जेवताना निकोलच्या ऑफिसातला देवेश नावाचा तरुण मुंबईकर शेजारी बसला होता. वाइनचा दुसरा ग्लास झाला होता त्याचा. मराठी बोलायला मिळाल्याचा आनंद अंगात मावत नव्हता. "काकू, त्या सभेत तुम्ही आम्हाला तारलंत हां! ग्रोसरी तर महिनाभर आधीच ड्रॉइंगमधून काढली होती. कोणी विचारलं असतं तर वाट लागली असती. पण तुम्ही बोललात आणि मग कोणी काही विचारलंच नाही."

बाईंनी हातातला चमचा बशीच्या कडेला नीट ठेवला. पुढची भाषणं त्यांना ऐकू आली नाहीत.

परतीच्या वाटेवर किंग्स्टन शहर मागे पडलं. तेव्हा बाई म्हणाल्या, "दुकान नाही होणार, हे तुला सभेच्या आधी ठाऊक होतं?"

निकोलने आरशात बघितलं. "मम्मा, आय डोन्ट बिल्ड इट. क्लायंट डिसाइड करतो. मी रिकमेंड केलं होतं."

"मी ते नाही विचारलं."

"इट वॉज कॉम्प्लिकेटेड."

"माझ्या तोंडून लोकांना सांगितलंस ना तू? मी दारोदार फिरले, बाय."

"तू आता माझ्याकडे राहतेस. यू आर फाइन. आणि प्लाझा तसाही गेलाच असता, तू बोलली असतीस किंवा नसतीस." तिचा आवाज चिरका झाला. "ॲट लीस्ट आता तिथे झाडं आहेत."

हे कदाचित खरंही होतं. म्हणूनच बाईंना त्याचा जास्त राग आला. पण चालत्या गाडीतून उतरून जाणार कुठे? त्यांनी काचेकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी निकोल कामावर गेल्यावर त्यांनी एडमंटनला फोन लावला. सुनेने बापूंना फोन दिला. बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. देवेश काय म्हणाला ते, निकोलला ठाऊक होतं ते. मग म्हणाल्या, "बापू, मला माहीत नव्हतं. येशूची शपथ."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"मला होतं माहीत," बापू म्हणाले. "भिंतीवर नकाशा लावला होता ना, तो सभेआधी बघितला मी. त्यात दुकान कुठेच नव्हतं. उठून विचारणार होतो. पण तुम्ही एवढ्या भरवशाने बोलत होता, मुलीचं नाव घेत होता. चारचौघांत तुम्हाला कसं खोटं पाडायचं?"

"पाडायचं होतं, बापू."

"हो. पाडायचं होतं."

एडमंटनला थंडी फार, बापू म्हणाले, बाहेर पडणं होत नाही. मग सुनेने हाक मारली म्हणून त्यांनी फोन ठेवला.