पाय टेकेपर्यंत

टेलरबाईंच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडणाऱ्याची खैर नसे. पँट असो की झग्याची कड, माप द्यायला येताना पायांत तीच पादत्राणं हवीत, जी तो कपडा घालून वापरायची आहेत. कुणी सपाट चपलेत आली आणि म्हणाली, "बाई, तेव्हा उंच टाचा घालणार आहे, तुम्ही आपलं अंदाजाने धरा," की बाई टेप गळ्यात अडकवत. "अंदाजाने मीठ टाकतात गं, कापड कापत नाहीत. जा, टाचा घेऊन ये." एका नवऱ्या मुलीला त्यांनी असं भर उन्हात परत पाठवलं होतं. ती रुसली, पाय आपटत गेली आणि टाचा घेऊन आली.

बाई स्वतः मात्र एवढ्याशा! कापायच्या टेबलापाशी लाकडी खोक्यावर उभ्या राहायच्या तेव्हा कुठे हात पुरायचा. "मूर्ती लहान पण कीर्ती महान," असं कुणी म्हटलं की उत्तर तयार असे, "कीर्तीचं राहू द्या, तो वरचा दोऱ्यांचा डबा तेवढा काढा." आणि नशिबाची थट्टा बघा, नवरा मिळाला ताडमाड. अख्खी गल्ली त्यांना लंबू म्हणायची. लंबूंनी नोकरीभर घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले, तेही एकाच उंच, दणकट मोटारसायकलवर. सुट्टीच्या दिवशी बाई मागे बसायच्या. समोरचं त्यांना काही दिसायचं नाही, दिसायची ती नवऱ्याची पाठ. "मी सगळी दुनिया तुमच्या शर्टाच्या शिवणीत पाहिली," असं त्या म्हणायच्या, आणि ती शिवणही त्यांनीच घातलेली असायची.

मग लंबूंच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. समोरचं दिसत होतं, पण बाजूचं सगळं गेलं. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. लंबूंनी किल्ली खिळ्याला लावली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. दर रविवारी गावाबाहेरच्या पुलापाशी चहाच्या टपरीवर जुन्या मीटरवाल्यांचा अड्डा जमायचा, तिकडे जाणं थांबलं. मित्र न्यायला येतो म्हणाले तर यांनी ठणकावलं, "मी काय पार्सल आहे?" जेवणही तुटलं. दोन घास खायचे आणि ताट सारायचे. लेक आली की म्हणायची, "आई, बाबांचे गाल बसलेत गं." बाईंना ते दिसत नव्हतं थोडंच! त्या रोज त्याच शर्टांना टीप मारून आत घेत होत्या.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर बाई गाडी शिकल्या. ड्रायव्हिंग स्कूलची मोटारसायकल होती बुटकी, तिच्यावर परीक्षा पास झाल्या. लोक म्हणाले, आता स्कूटर घ्या. पण शेजाऱ्यांच्या स्कूटरवर लंबू एकदा मागे बसले होते, तेव्हा त्यांचे गुडघे कानाला लागले होते आणि गल्लीतली पोरं हसली होती. ते पुन्हा बसणार नाहीत, हे बाई जाणून होत्या. आपलीच गाडी, आणि रविवारी पुलापर्यंत, एवढंच त्यांना हवं होतं.

पहिल्याच दिवशी फाटकापाशी थांबताना बाईंनी पाय खाली सोडला, तर खाली जमीनच नाही! बोटं कशीबशी लागली आणि गाडी सावकाश, लाजत लाजत आडवी झाली. लंबू भिंत चाचपत बाहेर धावले. "लागलं का गं?" लागलं नव्हतं. गाडीचा एक दिवा फुटला होता. पण संध्याकाळी लंबूंनी फोन फिरवून गिऱ्हाईक ठरवलं. रविवारी सकाळी येणार.

"विकून टाकू. आज गाडी पडली, उद्या तू रस्त्यात पडशील," ते म्हणाले. "आणि मला आता कुठे जायचंय?"

हे शेवटचं वाक्य बाईंना सुईसारखं टोचलं. गाडी गेली की हा माणूस त्या खुर्चीतून उठायचा नाही, एवढं त्यांना स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीच्या टोकाच्या सीटवाल्याला गाठलं. फोम, रेक्झिन आणि गोंद यांच्या ढिगात बसणारा हा प्राणी मोठा बोलका. गाडी ढकलत दुकानात नेता नेताच त्याने निदान केलं.

"काकू, तुमचे पाय आखूड नाहीत. सीट पुढे रुंद आहे. मांड्या फाकतात, तिथेच अर्धी उंची खर्च होते."

"आखूडच आहेत. गोड बोलू नकोस, सीट दाखव."

आधी त्याने जुनीच सीट पुढून निमुळती केली, थोडा फोम उतरवला. बाई बसल्या. बोटं टेकली, पण नुसती बोटं. "अजून काप," बाई म्हणाल्या. "अजून कापलं तर पत्र्यावर बसाल, आणि खड्ड्यात गाडी गेली की माझा उद्धार कराल." मग त्याने एक तयार सीट काढली, मऊ, गुबगुबीत, चकचकीत. ती जुनीहून उंच निघाली. "हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड," म्हणत बाई उतरल्या. शेवटी त्याने माळ्यावरून एक छोटी, वाटीसारखी खोलगट, एकट्याची सीट काढली. बाई बसल्या आणि दोन्ही पाय टाचांसकट जमिनीवर! त्यांना हसू आवरेना. बसल्या बसल्याच त्यांनी दोन्ही पाय आलटून पालटून आपटून पाहिले.

"मागे कुणी बसत नाही ना?" सीटवाल्याने विचारलं.

"आधी माझे पाय तर टेकू देत. मागचं मागे बघू," बाई म्हणाल्या. आनंदाच्या भरात माणूस काय बोलेल सांगता येत नाही.

त्या सीटवर बसून त्या स्वतः गाडी चालवत फाटकापर्यंत आल्या. पडल्या नाहीत. "अहो, बघा तरी!" लंबू आले. त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि मागे फिरवत नेला. सीट लवकरच संपली. त्यापुढे हाताला उघडा, गार पत्रा लागला. हात तिथेच थांबला.

"छान आहे," ते म्हणाले. "तुझ्या मापाची आहे. रविवारी त्या माणसाला नाही म्हणून सांग. तू फिर. मी आहे घरी. माझं ओझं कशाला?"

आणि ते आत गेले. ताटाकडे बघितलंही नाही.

बाई मागच्या ओट्यावर बसून रडल्या. स्वतःच्या अकलेची त्यांना लाज वाटली. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यालाच बसायला जागा ठेवली नाही! प्रेमापोटी केलं खरं, पण नवऱ्याला आपण आपल्याच हाताने गाडीवरून उतरवलं, हे त्यांच्या मनातून जाईना.

सकाळी त्यांनी लंबूंचा हात धरला. "चला."

"कुठे?"

"सीटवाल्याकडे. ही सीट परत करायचीय."

"मग माझं काय काम?"

"गाडी धरायला कुणीतरी लागतं. प्रश्न फार विचारता तुम्ही."

सीटवाल्याने कुरकुरत ती वाटी काढली आणि कापलेली जुनी सीट चढवली. बाई बसल्या. पुन्हा नुसती बोटं. बाईंचं तोंड एवढंसं झालं. लंबू मागे गाडी धरून उभे होते. त्यांनी सीटचा मागचा भाग चाचपला. "मला किती उरलंय बघू तरी," म्हणत त्यांनी सवयीने लांबलचक टांग टाकली आणि पाय फूटरेस्टवर ठेवून बसले.

मागच्या स्प्रिंगा करकरल्या. गाडी खाली बसली. आणि बाईंचे चवडे दण्णकन जमिनीवर टेकले, पुरते, दोन्ही.

"उतरा," बाई ओरडल्या.

लंबू घाबरून उतरले. बाई पुन्हा बोटांवर.

"बसा!"

ते बसले. चवडे जमिनीवर.

"अगं, झालं काय? जड झालो का मी?"

"जड? अहो, जड आहात म्हणून तर!" बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. सीटवाल्याने कपाळावर हात मारला. "एवढी वर्षं सीटा कापतोय, पण मागचा माणूस बसवून माप कधी घेतलंच नाही."

"तू राहू दे रे," बाई म्हणाल्या. "मी! जगाला सांगते, वापरायच्या चपला घालूनच माप द्यायला या, आणि स्वतः नवऱ्याला घरी ठेवून माप द्यायला आले!"

"म्हणजे मी तुझी चप्पल," लंबू मागून म्हणाले. "इतक्या वर्षांनी कबूल तरी केलंस."

कित्येक दिवसांनी ते असं काही बोलले होते. बाईंनी आरशातून त्यांचा चेहरा बघून घेतला.

रविवारी गिऱ्हाईक आलं तेव्हा फाटकाला कुलूप होतं. हे दोघे पुलाच्या रस्त्याला लागले होते. लंबूंची नजर बाईंच्या डोक्यावरून थेट पुढे जात होती, आणि समोरचं तर त्यांना दिसतच होतं. मग काय विचारता! "गिअर उतरव. खड्डा आहे. हॉर्न दे."

"उंटावरचा शहाणा," बाई पुटपुटल्या.

पहिल्या चौकात गाडी थांबताच लंबूंनी सवयीने आपले लांब पाय खाली टेकवले. गाडीचं ओझं स्प्रिंगांवरून उठलं आणि बाई तरंगायला लागल्या.

"पाय वर घ्या! टेकायचं काम माझं आहे!"

शेजारच्या ट्रकवाल्याने वाकून बघितलं. लंबूंनी निमूटपणे पाय वर घेतले आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. टपरीवर मीटरवाले उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी गाडी थांबवली, दोन्ही चवडे टेकले आणि मग म्हणाल्या, "आता उतरा, सावकाश. आधी मला स्टँड लावू द्या."

त्या संध्याकाळी बाईंनी नेहमीसारखं बेताचंच वाढलं. लंबू जेवले. जेवता जेवता टपरीवरच्या गप्पा सांगत होते, कोण किती म्हातारा झाला, कोण अजून खोटं बोलतो. ताट रिकामं झालं. बाई ते उचलायला वाकल्या, तर त्यांनी ताटावर हात ठेवला.

"अगं, उचलतेस काय? वाढ अजून," लंबू म्हणाले. "पुढच्या रविवारी तुझे पाय टेकायला नकोत का?"