डबा काढलेली फटफटी

आमच्या फटफटीला आधी एक डबा होता. त्याला साइडकार म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण शहापुरात सगळे डबाच म्हणत. लढाई संपल्यावर लष्कराने कल्याणच्या छावणीतलं सामान विकायला काढलं, त्यात वडिलांनी ही गाडी घेतली होती. आमची भाताची गिरणी होती. गिरणीचे पट्टे, तांदळाची पोती, कधी बाळंतीण, कधी तापाने फणफणलेला म्हातारा, सगळे त्या डब्यातून जात. आणि साठ सालानंतर त्यातून रोज माझी ताई जाऊ लागली.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लहानपणी तापात तिचा डावा पाय लुळा पडला. मांडीपासून घोट्यापर्यंत दोन लोखंडी सळ्या कातडी पट्ट्यांनी बांधून ती चालायची. हट्टाने शिकली, मास्तरीण झाली, आणि सापगावच्या पुढे एका वाडीवरची शाळा तिला मिळाली. एक खोली, एक फळा, एक शिक्षिका. शहापूरपासून सहा मैल. मी तिला सकाळी डब्यात बसवून सोडायचो, संध्याकाळी आणायचो. गाडीचा आवाज आला की वाडीवरची पोरं रस्त्यावर धावत यायची, कारण पहिलं येणाऱ्याला ताईच्या मांडीवर बसून शाळेपर्यंत चक्कर मिळे. पटावर नाव असूनही शाळेत न येणारी पोरं तिने अशी गोळा केली होती. शाळा चालते ती निम्मी माझ्या डब्यावर, असं ती हसत म्हणायची.

मला मात्र त्या डब्याची लाज वाटायची. बाजारात मित्र विचारायचे, ‘काय रे, आज पाळण्यात कोण?’ मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा, केसांना तेल चोपडून भांग पाडणारा. अशात कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडे मला एक जुनं अमेरिकन मासिक सापडलं. त्यात एका फटफटीचा फोटो होता. पुढचं चाक कुठल्या कुठे लांब, हँडल खांद्याइतकं उंच, मागे काही नाही. त्या प्रकाराला चॉपर म्हणतात हे फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की आपल्याला हीच गाडी हवी.

वडील पावसाळ्यानंतर दमेकरी होऊन पडले आणि गिरणी माझ्या हाती आली. मी पहिलं काम काय केलं, तर गाडी हायवेवरच्या वेल्डरकडे नेली. पुढचं चाक धरणारा चिमटा हातभर लांब करून घेतला. पाण्याच्या नळाचा पाइप वाकवून हँडल केलं. मागची सीट, कॅरियर, सायलेन्सर काढून टाकला. डबा जोडायचे लोखंडी कान वेल्डरने कापताना विचारलं होतं, ‘परत लावायचा नाही ना?’ मी म्हटलं, ‘काप.’ डबा गिरणीमागे पडला आणि त्यात कोंबड्या बसू लागल्या.

खोटं कशाला बोलू, त्या गाडीवर बसण्यात सुख होतं. आटगावच्या बाजूला डांबरी रस्त्यावर तिला सोडली की झोपाळ्यावर रेलल्यासारखं वाटायचं. हात उंच, छाती उघडी, वारा थेट अंगावर. एकदा मी मुरबाडवरून वैशाखऱ्यापर्यंत नुसता जाऊन आलो. काम काही नाही. लोक शेतातली कामं थांबवून पाहत होते आणि ते माझ्याकडे बघताहेत हे मला पाठीतून कळत होतं.

बाकी सगळा नाकापेक्षा मोती जड. अर्ध्या तासात हात बधिर व्हायचे. खडीच्या रस्त्यावर पुढचं चाक नुसतं नाचायचं. वळायचं तर अख्खा रस्ता लागे, आणि हळू चालवली की चिमटा एका बाजूला पडायला बघे. हे मी कोणालाच सांगितलं नाही. ताईने गाडी पहिल्यांदा पाहिली तेव्हा डबा जोडायच्या जागेवरून हात फिरवला. मग म्हणाली, ‘झ्याक दिसते रे.’ दुसऱ्या दिवसापासून ती बैलगाडीने जाऊ लागली. सकाळी सहाला निघायची, दोन तास धक्के खात. पोरं पहिल्यासारखी धावत येईनाशी झाली, हे मला तिने नाही, गाडीवानाने सांगितलं.

कार्तिकात दिपोटीसाहेब शाळा तपासायला येणार अशी चिठ्ठी आली. नेमक्या त्याच दिवशी दुपारी वाडीवरची माणसं कोळशाच्या भट्ट्यांवर जायला निघणार होती. मुकादमाचा ट्रक येणार, बायकापोरांसह सगळे चढणार, ते पावसाच्या तोंडावरच परतणार. दरवर्षीचंच ते. ताई आठवडाभर वाडीवर झोपडी झोपडी फिरली. पोरं सकाळी तरी शाळेत बसवा, साहेबांनी एकदा डोळ्यांनी पाहू देत, मग न्या, अशी तिने आयांची मनधरणी केली. त्या हो म्हणाल्या. पट दिसला नाही तर शाळा बंद करून शेजारच्या गावात घालणार होते, म्हणून एवढी धडपड.

त्या दिवसासाठी तिने बैलगाडी आधीच सांगून ठेवली होती. पण भाताचे भारे खळ्यावर आणायचे होते. बैलगाडी कोणी न्यायची यावरून घरात बोलणं चाललं, तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, ‘गाडी शेतावर न्या. ताईला मी सोडतो. अर्ध्या तासाचं काम.’

‘बसू कुठं मी?’ ताई म्हणाली.

‘मडगार्डवर गोधडी बांधतो. तू नुसती धरून बस.’

तिने वडिलांकडे पाहिलं. ते खोकत होते. मग ती म्हणाली, ‘बरं. पण नऊला निघू.’ मी गाडी पुसण्यात साडेनऊ केले.

सापगाव मागे पडलं. पुढे रस्ता एका ओढ्यात उतरतो आणि उतारावरच वळतो. ती एका बाजूला पाय सोडून बसली होती, सळ्यांचा पाय सरळ बाहेर. मी वेग कमी केला, चिमटा पडला तो मला सावरेना. आम्ही दोघं गोट्यांवर आडवे झालो. मला खरचटलं. ताईच्या पायाची एक सळी गुडघ्याशी वाकली, तिला उभंच राहता येईना. आणि मी काय केलं? आधी गाडी उचलली. चिमट्याचा जोड तडकला होता. मी त्यावर हात फिरवत बसलो.

ताई ओढ्याच्या काठी बसून पट्टे सोडत होती. तिने कमरेची किल्ली काढली, शाळेच्या कुलपाची, एकच होती, आणि माझ्यापुढे धरली. ‘तू पळत जा रे,’ ती म्हणाली. ‘दोन मैलपण नाय. कुलूप काढ, पोरांना आत बसव. साहेब आले तर सांग, बाई मागून येते. माझी काळजी नको, कोणतीतरी गाडी येईल.’

मी म्हटलं, ‘फटफटी इथं अशी टाकून कसा जाऊ? कोणी हात लावला तर?’

 तिने किल्ली थोडा वेळ तशीच धरून ठेवली, मग कमरेला लावली.

दोन-अडीच तासांनी भारे भरलेली एक बैलगाडी आली. गाडीवानाने ताईला वर चढवलं. मी मागे राहिलो, फटफटी राखत. पुढचं तिला वाडीवर मागे राहिलेल्या एका म्हातारीने सांगितलं आणि तिने मला, तेही थोडक्यात. पोरं शाळेच्या पायरीवर बसून होती, काही जण तर तोंड धुऊन आली होती. ट्रक आला, आयांनी थोडं थांबवून धरलं, मुकादम ओरडू लागला तशी सगळी चढली. दिपोटीसाहेब आले तेव्हा दाराला कुलूप होतं आणि आवारात एकही पोर नव्हतं. ताई पोचली तोवर ते शेरा लिहून गेले होते.

शाळा बंद झाली. ताईची बदली वैशाखऱ्याच्याही पुढे, घाटाखालच्या एका गावी केली. तिथे डबा नाही, बैलगाडी नाही, राहायला घर नाही. तिने राजीनामा दिला. चिमटा मी महिन्याभरात पुन्हा जोडून घेतला, हेही सांगितलं पाहिजे.

कोणी विचारलं तर ताई म्हणायची, ‘माझाच तोल गेला, म्हणून पडलो.’ घरात, भावकीत, तिच्या सासरीही तीच गोष्ट रूढ झाली. पाय असा, रस्ता तसा, नोकरी झेपली नाही. मी ते वर्षानुवर्षं ऐकत आलो आणि मान हलवत आलो. तिची नातवंडं मला त्या फटफटीबद्दल विचारतात. मग तीच त्यांना कौतुकाने सांगते, की मामाआजोबांनी आपल्या डोक्याने बनवली होती, पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती.

गाडी पडली याची मला तेवढी लाज वाटत नाही. गाड्या पडतात. पण त्या दिवशी दोन मैल पळायला मी धडधाकट होतो, आणि मी ती किल्ली घेतली नाही. हे फक्त तिला आणि मला ठाऊक आहे. तिने ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही, मलासुद्धा कधी बोलून दाखवलेलं नाही.