रेडियमचे घड्याळ
खण आवरताना जुने मनगटी घड्याळ हाती आले आणि सिरोंच्याच्या जंगलातले एक गाव आठवले. पन्नासच्या दशकात विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातर्फे आम्ही तिथे किरणोत्सारी दगड शोधत होतो. मोहाच्या झाडाखालच्या शेंदूर लावलेल्या दगडावर डावा हात टेकून मी किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राची नळी जवळ नेली, तसे ते कडकडू लागले. "भाऊ, देव आहे आमचा. तुमची पेटी बोलली म्हून काऊन फोडून राह्यले?" एक म्हातारा विनवत राहिला. आम्ही तुकडे पोत्यात भरले. प्रयोगशाळेत त्या तुकड्यांपाशी यंत्र गप्पच होते. मी डावा हात पुढे केला, तसे पुन्हा कडकडले. मनगटावरच्या या घड्याळाच्या काट्यांवर रेडियम होते. मी हात खिशात घातला. आमच्या विभागाच्या सरांनी यंत्राला दोष दिला, तुकडे कचऱ्यात गेले. यंत्र चांगले होते. हे आज लिहितो आहे, तेव्हा तो म्हातारा नाही आणि त्याचा देवही नाही.