वाकडा घोडा

फ्रेमवाल्याला वाकडं म्हणून काही बघवत नसे. कुणाकडे फोटो टांगून द्यायला गेला, की शेजारचं कॅलेंडरही सरळ करून यायचा. बायको म्हणायची, "जित्याची खोड, दुसरं काय! एक दिवस हा हातच तुम्हाला गोत्यात आणेल."

बुद्धिबळातही तेच. सोंगटी तिरकी दिसली की आधी "सरळ करतो" म्हणायचं, मगच हात लावायचा. न बोलता समोरच्याची सोंगटी धरली, तर ती मारावीच लागते. हा नियम त्यानेच मुलीला लहानपणी शिकवला होता. ती आता क्लबात पंच होती.

आजचा क्लबातला सामना जिंकला तर तो आयुष्यात पहिल्यांदा वरच्या गटात जाणार होता. डोळे अधू होत चालले होते. पुढच्या वर्षी पट नीट दिसेल की नाही, कुणी सांगावं?

समोर होता दातांचा डॉक्टर. त्याने राजापुढचं प्यादं सरकवलं आणि फ्रेमवाल्याने आपला जुना, लाडका सिसिलियन बचाव काढला. डाव असा काही जमला, की डॉक्टरच्या राजाला पळायला जागा उरेना. मात दोन चालींवर आली. फक्त आपला मोकळ्या रांगेतला हत्ती जागचा हलता कामा नये. फ्रेमवाल्याचा आनंद पोटात मावेना.

त्या आनंदातच त्याला डॉक्टरचा पांढरा घोडा दिसला. दुसऱ्यांचे दात सरळ करणारा हा माणूस घोडा मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचा! फ्रेमवाल्याचे ओठ हलायच्या आत बोटं हलली.

"बाबा," मुलगी हळूच म्हणाली, "हात लागला."

"अगं, सरळच करत होतो."

"माहीत आहे मला. पण तुम्ही बोलला नाहीत."

"जाऊ दे हो, माझी हरकत नाही," डॉक्टर म्हणाला.

"नियम आहे, काका." तिचा आवाज कापत होता, पण ती हटली नाही. हटणार तरी कशी? लेक कुणाची!

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! घोडा मारू शकणारा होता तो एकटा हत्तीच. फ्रेमवाल्याने हत्ती उचलून घोडा मारला, डॉक्टरने प्याद्याने हत्ती मारला. हातातोंडाशी आलेला डाव डोळ्यांदेखत गेला.

हरल्यावर त्याने नेहमीसारख्या सगळ्या सोंगट्या पुन्हा मांडल्या. शेवटी पांढरा घोडा उचलला आणि त्याचं तोंड सरळ केलं. या वेळी कुणी काही बोललं नाही. मुलगी खिडकीबाहेर बघत होती.